बाहुलीपासून रुग्णशय्येपर्यंत

ठाण्यात किंवा कल्याण-डोंबिवलीत परिचर्येचे शिक्षण घेणारी मुलगी इंजेक्शन द्यायला आधी बाहुलीवर शिकते. माणसाचा मृत्यू मात्र ती बहुधा थेट वॉर्डातच प्रथम पाहते. नातेवाईक विचारतात, "सिस्टर, अजून किती दिवस?" तिला उत्तर सुचत नाही. या प्रसंगाचा सराव आधी करता येईल का?

नकली देहावरचा सराव जुना आहे. मादाम द्यु कुद्रे या सुईणीला १७५९ मध्ये फ्रान्सच्या राजाने प्रसूतिविद्या शिकवण्यासाठी गावोगाव पाठवले, तेव्हा तिच्यासोबत तिने स्वतः तयार केलेली कापडी प्रतिकृती होती. अमेरिकेत हार्टफर्ड येथील परिचारिका विद्यालयात १९११ मध्ये 'मिसेस चेस' ही माणसाएवढी बाहुली आली. पुढे १९६० मध्ये नॉर्वेतील खेळण्यांचे उत्पादक आस्मुंड लेर्दाल यांनी कृत्रिम श्वासोच्छ्वास शिकवणारी बाहुली बनवली. तिचा चेहरा सीन नदीत बुडाल्याचे मानल्या जाणाऱ्या एका अनामिक मुलीच्या मुखवट्यावरून घेतला होता. जीव वाचवायला शिकवणाऱ्या बाहुलीला मृत मुलीचा चेहरा!

पण वाचवणे शक्यच नसेल, तर? त्याचे शिक्षण दोन वेगळ्या वाटांनी आले. १९६३ च्या सुमारास अमेरिकेतील मज्जाविकारतज्ज्ञ हॉवर्ड बॅरोज यांनी निरोगी माणसाला रुग्णाची भूमिका देऊन विद्यार्थ्यांना शिकवायला सुरुवात केली. मुळात परिचारिका असलेल्या डॉ. सिसिली साँडर्स यांनी १९६७ मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस उघडले आणि वेदनाशमन व सोबत यांना शास्त्राचे स्थान दिले. भारतातील पहिले हॉस्पिस, 'शांती आवेदना', १९८६ मध्ये मुंबईत सुरू झाले. डोंबिवलीकराने दादरला गाडी बदलली की वांद्र्याला तिथे पोचता येते.

भारतीय परिचर्या परिषदेच्या २०२१ च्या पदवी अभ्यासक्रमात मरणासन्न रुग्णाची शुश्रूषाही आहे आणि सिम्युलेशनही. या दोहोंची सांगड शिक्षकांनी घालायची आहे. त्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. एक खाट, रुग्ण झालेली एक विद्यार्थिनी, त्याची मुलगी झालेली दुसरी आणि परिचारिका झालेली तिसरी, एवढे पुरते. प्रसंग दहा मिनिटांचा असावा. नंतरची चर्चा मात्र निवांत व्हावी, कारण खरे शिकणे तिथेच होते. जिच्या घरी नुकतेच दुःख घडले आहे, तिला भूमिकेचा आग्रह करू नये.

अशा सरावातून कदाचित उत्तर सापडेल: "दिवस सांगता येणार नाहीत, ताई. पण त्यांना दुखू नये म्हणून आम्ही इथे आहोत."