नजरी नकाशा

हीरक महोत्सवी वर्षात आपल्या शाळेच्या पुढील आराखड्याची चर्चा चालू आहे. तो कोणी करावा, हा प्रश्न मात्र जुना आहे. १९६४ ते १९६६ या काळात कोठारी आयोगाने प्रत्येक शाळेने आपली योजना आपणच आखावी असे सुचविले. अध्यक्ष दौलतसिंह कोठारी उदयपूरचे, सदस्य-सचिव जे. पी. नाईक आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातले. शिफारस फारशी अमलात आली नाही.

पुढे १९९२ साली अनिल बोर्दिया यांच्या पुढाकाराने राजस्थानात 'लोक जुंबिश', म्हणजे लोकांची चळवळ, सुरू झाली. कचेरी जयपूरला, आराखडा मात्र गावात होई. गावकरी स्वतः 'नजरी नकाशा' काढीत. त्यात प्रत्येक घर आणि घरातील कोणते मूल शाळेत जाते, कोणते जात नाही, याची खूण असे. पटावर नाव असलेली मुलगी प्रत्यक्षात शेळ्यांमागे आहे, हे मग झाकून राहत नसे. (शाळेच्या दप्तरातून हे क्वचितच कळते.) नवी शाळा कोठे हवी, शिक्षक वाढवावा का, हे त्यावरून ठरे. दिवसा राबणाऱ्या मुलांसाठी 'सहज शिक्षा केंद्रे' निघाली.

खर्चाचा मोठा भार स्वीडन उचलीत होते. मे १९९८ मध्ये पोखरणला अणुचाचण्या झाल्या आणि स्वीडनने मदत थांबविली. त्याच पोखरणच्या राज्यातील खेड्यांत तेव्हा नकाशांवर मुलांच्या खुणा केल्या जात होत्या.