भोरड्यांचे थवे व माणदेशातील निरीक्षणस्थळे

हिवाळ्यात माणदेशाच्या आकाशात सायंकाळी भोरड्यांचे प्रचंड थवे वळणे घेऊ लागतात. ते कोठून पाहावेत, हा पक्षिनिरीक्षकाचा प्रश्न वरकरणी नवा वाटतो. वस्तुतः या प्रदेशातील शेतकऱ्याने तो फार पूर्वी सोडविला होता. त्याचा हेतू मात्र निराळा होता.

भोरडी, म्हणजेच पळसमैना, मध्य आशिया व पूर्व युरोप येथे वीण करते. तेथे टोळ व नाकतोडे हे तिचे मुख्य खाद्य. आपल्याकडे मात्र ती शाळूच्या कणसांवर तुटून पडते. म्हणून कणसात दाणा भरू लागला की शेतकरी शिवारात माळा उभारी आणि गोफण घेऊन राखण करी. थवा कोणत्या दिशेने येतो व केव्हा परततो हे जाणल्यावाचून ही राखण होणे शक्य नव्हते. या निरीक्षकांनी टिपणे ठेवली नाहीत. त्यांच्या ज्ञानाची साक्ष माळा, गोफण आणि पाखराचे लोकनाम यांतच शोधावी लागते.

दुसरे साधन पाण्याचे. माण नदीवरील राजेवाडीचा तलाव १८७६–७८ च्या दुष्काळात दुष्काळी काम म्हणून हाती घेण्यात आला. तो माणसांसाठी होता. तथापि अशा जलाशयांकाठची बाभूळबने व पाणगवत पाखरांच्या रातथाऱ्यासही सोयीची ठरतात. दिवसा शाळू आणि रात्री तलाव, असा थव्याचा क्रम असतो. यास्तव निरीक्षकाने या दोहोंमधील वाट प्रथम एकदोन सायंकाळी न्याहाळावी. नंतर रातथाऱ्याच्या पूर्वेस, पुरेसे अंतर राखून, सूर्यास्तापूर्वी अर्धा तास उभे राहावे. पश्चिमेच्या उजेडावर थव्याची आकृती स्पष्ट उमटते. ससाणा आला की थवा कसा आवळतो, हेही तेथूनच दिसते.

शेजारच्या खटाव तालुक्यातील मायणी व येरळवाडी येथील जलाशयांच्या परिसरास २०२१ मध्ये संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. ही गोष्ट स्वागतार्हच होय. परंतु पाखरांचा निवारा हद्दीच्या आत आणि त्यांचे अन्न हद्दीबाहेरच्या शिवारात, ही विसंगती दृष्टिआड करून चालणार नाही. थव्याच्या सौंदर्याचे मोल अखेर शाळूवाल्याच्या दाण्यांतून चुकते होत असते. निरीक्षणस्थळ निवडताना त्या जुन्या राखणदाराचा सल्ला घेणे म्हणूनच केवळ सोयीचे नव्हे, तर न्यायाचेही आहे.