५१ पोलीस प्रमुखांची एक बैठक आणि गुन्ह्यांची पहिली मोजणी: काय आहे आयएसीपीचा इतिहास?

१८९३ आणि शिकागो म्हटलं की आपल्याला स्वामी विवेकानंदांचं भाषण आठवतं. त्या भाषणाच्या काही महिने आधी, त्याच शहरात अमेरिकेतल्या निरनिराळ्या शहरांचे ५१ पोलीस प्रमुख एकत्र जमले होते. त्या बैठकीतून उभी राहिलेली संघटना आज ‘इंटरनॅशनल असोसिएशन ऑफ चीफ्स ऑफ पोलीस’ म्हणजेच आयएसीपी या नावाने ओळखली जाते. ही सरकारी संस्था नाही. तिला कुणाला अटक करता येत नाही, कुठल्या पोलीस खात्याला हुकूम सोडता येत नाही. तरीही पोलीस कामाच्या काही मूलभूत सवयी तिच्यामुळे रुजल्या.

संघटनेची गरज का पडली?

अमेरिकेत प्रत्येक शहराचं पोलीस खातं वेगळं. एका शहरात चोरी करून रेल्वेने दुसऱ्या राज्यात पळालेला माणूस तिथल्या पोलिसांना ओळखू येण्याची सोय नव्हती. एफबीआयसारखी देशपातळीवरची यंत्रणाही तेव्हा नव्हती. म्हणून ओमाहा शहराचे पोलीस प्रमुख सीव्ही यांनी इतरांना बोलावणं धाडलं. सुरुवातीला संघटनेचं नाव ‘नॅशनल चीफ्स ऑफ पोलीस युनियन’ होतं. ‘इंटरनॅशनल’ हे नाव १९०२ मध्ये आलं.

ओळख पटवण्याचं दप्तर

१८९७ मध्ये संघटनेने शिकागोत गुन्हेगारांच्या नोंदी एकत्र ठेवणारं कार्यालय सुरू केलं. तेव्हा फ्रान्सच्या बर्तियाँ यांची पद्धत चालायची, म्हणजे डोकं, हात, पाय यांची मापं घेऊन माणूस ओळखायचा. गंमत म्हणजे याच वर्षी कोलकात्यात बोटांच्या ठशांचं कार्यालय सुरू झालं. एडवर्ड हेन्री यांच्या नावाने गाजलेली ठशांच्या वर्गीकरणाची पद्धत प्रत्यक्षात बसवण्यात अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस या भारतीय कर्मचाऱ्यांचा मोठा वाटा होता. पुढे अमेरिकेतही मापं मागे पडली आणि ठसे आले. १९२४ मध्ये संघटनेचं दप्तर लेव्हनवर्थ तुरुंगातल्या नोंदींसह केंद्र सरकारच्या तपास विभागाकडे गेलं. या ८ लाखांहून अधिक ठशांवर एफबीआयचा ओळख विभाग उभा राहिला.

गुन्हे मोजायचे कसे?

१९२० च्या दशकात वर्तमानपत्रांत ‘गुन्हेगारीची लाट’ अशा बातम्या यायच्या. पण लाट खरी की नाही, हे तपासायला आकडेच नव्हते. एका शहरात जी घरफोडी, ती दुसऱ्या शहरात साधी चोरी ठरायची. संघटनेने समिती नेमून खून, बलात्कार, जबरी चोरी, गंभीर मारहाण, घरफोडी, चोरी आणि वाहनचोरी अशा ७ गुन्ह्यांच्या समान व्याख्या ठरवल्या. जानेवारी १९३० मध्ये ४३ राज्यांतल्या ४०० शहरांनी आकडे पाठवायला सुरुवात केली. त्याच वर्षी हे काम एफबीआयकडे गेलं.

यात एक मेख होती. हे आकडे पोलिसांनीच दिलेले होते. जो गुन्हा पोलिसांपर्यंत आलाच नाही किंवा त्यांनी नोंदवलाच नाही, तो मोजला जात नव्हता. पोलिसांच्या हातून झालेल्या अन्यायाला तर त्या ७ गुन्ह्यांत वेगळा रकाना नव्हता.

१२३ वर्षांनंतरची माफी

संघटनेने १९५७ मध्ये पोलिसांसाठी आचारसंहिता स्वीकारली. पण कृष्णवर्णीयांशी पोलीस कसे वागले, हा प्रश्न मिटला नाही. २०१४ मध्ये फर्ग्युसन इथे मायकल ब्राउन या तरुणाचा पोलिसाच्या गोळीने मृत्यू झाला आणि आंदोलन पेटलं. ऑक्टोबर २०१६ मध्ये सॅन दिएगोच्या अधिवेशनात संघटनेचे अध्यक्ष टेरेन्स कनिंगहॅम यांनी कृष्णवर्णीय आणि इतर अल्पसंख्य समाजांना पूर्वी मिळालेल्या वागणुकीतल्या पोलिसांच्या वाट्याबद्दल जाहीर माफी मागितली. काहींनी स्वागत केलं, काहींना ती फार उशिरा आलेली वाटली, तर काही पोलिसांना ती मान्य नव्हती.

आपल्याशी संबंध काय?

भारतात गुन्ह्यांचे आकडे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग, म्हणजे एनसीआरबी प्रसिद्ध करतो. तेही पोलिसांकडे नोंदवलेल्या गुन्ह्यांचेच असतात. गुन्हे वाढणं आणि गुन्ह्यांची नोंद वाढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असं एनसीआरबी स्वतःच सांगतो. म्हणून ‘अमुक राज्यात गुन्हे दुप्पट’ अशी पोस्ट पुढे पाठवण्याआधी, तिथे गुन्हे वाढले की तक्रार घेणारे वाढले, एवढं तरी बघावं.