पंखा खडखडत होता आणि मी तक्ता भरत होते

तुमची पेटची तयारी चालू असेल किंवा नुकतंच रजिस्ट्रेशन झालं असेल, तर आजचा विषय जरा विचित्र वाटेल. संशोधन पद्धतीच्या पुस्तकात ग्राफिक्स कार्डच्या पंख्यावर प्रकरण नसतं. पण माझ्या सहामाही प्रगती अहवालातला एक अख्खा तक्ता या पंख्यामुळे चुकला. तो का चुकला हे शोधता शोधता मी या पंख्याच्या इतिहासात शिरले. तो इतिहास सांगते, पण आधी माझी चूक.

मी मोडी अक्षरं ओळखणारी मॉडेल्स तयार करते. घर हदगावला. सुट्ट्यांत आणि लॉकडाऊननंतर बराच काळ काम घरूनच केलं, नांदेडहून आणलेल्या एका सेकंडहँड कार्डावर. कार्ड 2016 सालच्या पिढीचं, 120 वॅटचं, दोन पंख्यांचं. मे महिन्यात त्यातून आवाज यायला लागला. सुरू करताना खडखड, मग दहा मिनिटांनी शांत. आई स्वयंपाकघरातून विचारायची, "अगं, कशाचा आवाज यायलाय? गिरणी चालू केलीस का?" मी म्हणायचे, काही नाही, जुना पंखा आहे. दोन मॉडेल्सची तुलना चालली होती. 'अ' मॉडेल मी रात्री लावायचे, कारण रात्री लाईट टिकते. सकाळी ते संपलं की जेवणानंतर 'ब' लावायचे. 'ब' ला जवळजवळ दीडपट वेळ लागला. मी तक्त्यात तसं भरलं, खाली एक वाक्यही लिहिलं की 'ब' ची रचना गुंतागुंतीची असल्यामुळे वेळ जास्त. वाक्य किती शहाणं वाटतं बघा!

मॅडमनी तक्ता पाहून एवढंच विचारलं, "अगं, तापमान कुठं लिहिलंयस का?"

लिहिलं नव्हतं.

आता इतिहास. 1996 साली आलेल्या थ्रीडीएफएक्स कंपनीच्या वूडू कार्डावर पंखा तर नव्हताच, हीटसिंकही नव्हता. चिप उघडी बसलेली असायची. म्हणजे आज आपण ज्याला कार्डाचा अविभाज्य भाग समजतो तो सुरुवातीला नव्हताच. मुख्य प्रोसेसरचं तसंच झालं होतं. 1993 चा पेंटियम सुमारे 15 वॅट खायला लागला, तेव्हा घरच्या कॉम्प्युटरमध्ये प्रोसेसरच्या डोक्यावर पंखा ही नेहमीची गोष्ट झाली. ग्राफिक्स कार्ड त्याच वाटेनं गेलं, फक्त जास्त वेगानं. 1999 च्या जीफोर्स 256 वर छोटा पंखा आला. एनव्हिडियानं 'जीपीयू' हा शब्द जाहिरातीतून रूढ केला तो याच कार्डाच्या वेळी.

छोटा पंखा शक्य झाला तो ब्रशविना चालणाऱ्या डीसी मोटरमुळे. जुन्या मोटरमध्ये कार्बनचे ब्रश घासतात, झिजतात, ठिणग्या पडतात. 1962 मध्ये विल्सन आणि ट्रिकी या दोघांनी ब्रशचं काम ट्रान्झिस्टरकडून करून घेणारी मोटर मांडली. घासणारा ब्रश गेला. मात्र फिरणारी दांडी आणि तिला धरणारं बेअरिंग राहिलं. कार्डावरची बाकीची सगळी मंडळी जागच्या जागी बसलेली असतात. हालतं ते फक्त इथं, म्हणून झिजतंही आधी इथंच.

मग आलं 2003 सालचं जीफोर्स एफएक्स 5800 अल्ट्रा. यावर थोडं थांबते, कारण आवाजाचा इतिहास लिहायचा झाला तर हे कार्ड मधोमध येतं. 2002 च्या उन्हाळ्यात एटीआय कंपनीनं रेडिऑन 9700 प्रो आणून बाजी मारली होती. एनव्हिडियाचं उत्तर उशिरा आलं. पुढं जायचं तर चिप जोरात पळवायला हवी होती, म्हणून ती 500 मेगाहर्ट्झवर चालवली. जोरात पळवली की उष्णता, उष्णता काढायला मोठा कूलर, आणि त्या कूलरनं शेजारचा स्लॉटही खाल्ला. साधं काम करताना पंखा हळू, गेम सुरू झाला की एकदम घोंगावणारा. लोकांनी कार्डाला 'डस्टबस्टर' म्हणायला सुरुवात केली, म्हणजे हातात धरायचा व्हॅक्यूम क्लीनर. कंपनीनं शेवटी स्वतःचीच टिंगल करणारा व्हिडिओ काढला आणि त्याच वर्षी मे महिन्यात 5900 आणून विषय संपवला.

इथं एक गोष्ट ध्यानात घ्या. पंखा गोंगाट करत होता, पण बिघडलेला नव्हता. तो नेमून दिलेलं कामच करत होता. आवाजाचं मूळ पंख्यात नव्हतं, बाजारात मागं पडू नये म्हणून चिपबद्दल घेतलेल्या निर्णयात होतं. म्हणून तुमच्याही कार्डाचा आवाज ऐकताना दोन प्रश्न वेगळे ठेवा: पंखा जास्त काम करतोय, की पंखा आजारी आहे? पहिला आवाज एकसारखा असतो, भार वाढला की वाढतो, कमी झाला की उतरतो. दुसरा खडखडतो, टकटकतो, सुरू होताना जास्त येतो. पंखा थांबलेला असतानाही बारीक चिरका आवाज येत असेल तर तो कॉइलचा, पंख्याशी त्याचा संबंध नाही.

संशोधनाशी या सगळ्याचा संबंध 2006-07 मध्ये आला. तोवर कार्ड गेमसाठी होतं. कूडा आलं आणि त्याच कार्डावर सर्वसाधारण गणित करता येऊ लागलं. 2012 मध्ये चित्रं ओळखणाऱ्या अॅलेक्सनेटनं इमेजनेटची स्पर्धा जिंकली. ते मॉडेल दोन जीटीएक्स 580 कार्डांवर पाच ते सहा दिवस चालवून शिकवलं होतं, आणि ही कार्डं कुठल्या डेटा सेंटरमध्ये नव्हती, टोरांटोत अॅलेक्स क्रिझेव्हस्कीच्या आई-वडिलांच्या घरी त्याच्या खोलीत होती. एकेक कार्ड 244 वॅटचं. म्हणजे अर्धी इस्त्री सहा दिवस चालू ठेवल्यासारखं. आपल्या पिढीनं घरच्या खोलीत, गेमच्या कार्डावर संशोधन करायची पद्धत उचलली ती इथून. फक्त टोरांटोची खोली आणि मे मधली हदगावची पत्र्याची खोली यांत फरक आहे. हीटसिंक खोलीतल्या हवेपेक्षा थंड होऊ शकत नाही. खोली 25 अंशांवरून 42 वर गेली की बाकी सगळं तेच असताना चिपही साधारण 17 अंशांनी वर जाते. मग चिप स्वतःला वाचवायला वेग कमी करते. उत्तर तेच येतं, अचूकता बदलत नाही, वेळ मात्र बदलतो. माझा तक्ता नेमका वेळेचा होता.

मोठ्या संस्था हा प्रश्न वेगळ्या तऱ्हेनं सोडवतात. पुण्यात सी-डॅकचं परम सिद्धी-एआय 2020 मध्ये जगातल्या वेगवान संगणकांच्या यादीत 63 व्या क्रमांकावर होतं. त्यातल्या ए100 जीपीयूंवर स्वतःचा पंखा नसतोच. हवा ढकलायचं काम अख्ख्या पेटीचे पंखे करतात, आणि खोली थंड ठेवायचं काम इमारतीची यंत्रणा. तिथं पंखा खडखडला तर बघायला पगारी माणूस असतो. आपल्याकडं आपणच.

मॅडमच्या प्रश्नानंतर मी जुने लॉग उघडले. एनव्हिडिया-एसएमआय ही आज्ञा दर काही सेकंदांनी तापमान, घड्याळाचा वेग आणि पंखा टक्क्यांत नोंदवू शकते, आणि नशिबानं ती नोंद चालू राहिली होती. पंख्याच्या रकान्यात 70 टक्के. म्हटलं, पंखा तर चालतोय. पण कॉम्प्युटर बंद करून बोटानं पातं फिरवलं तर एक पंखा जाम होता. दुसरा घरघरत फिरत होता. मग 70 टक्के आले कुठून? माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलंय: तो आकडा पंख्याला दिलेल्या हुकमाचा आहे. पंखा अडकलेला असेल तर आकडा आणि वास्तव जुळणार नाही.

मोडी कागदांवर काम करणाऱ्या मुलीला हे कळायला एवढा वेळ लागावा याची मला लाज वाटली. अमक्याला इतकी रक्कम द्यावी असा हुकूम सापडला म्हणजे रक्कम पोचली असं होत नाही, हे मी दुसऱ्यांना सांगत होते. त्यासाठी पावती शोधावी लागते. इथं पावती म्हणजे फेरे मोजणारी टॅकोची तार. बहुतेक पंखे एका फेरीला दोन ठोके देतात. काही कार्डं हा आकडा दाखवतात, काही नाही. माझं नाही.

उलट बाजूही आहे. 2010 च्या मार्चमध्ये एनव्हिडियानं 196.75 हा ड्रायव्हर मागं घेतला, कारण काही कार्डांवर त्यामुळं पंख्याचा वेग नीट सांभाळला जात नव्हता आणि कार्डं तापत होती. तिथं पंखे धडधाकट होते, हुकूमच चुकीचा सुटत होता. म्हणून बिघाड दिसला की स्क्रूड्रायव्हर उचलायच्या आधी ड्रायव्हर नुकता बदलला होता का, ते आठवा.

माझा पंखा मात्र खरोखर गेला होता. स्वस्त पंख्यात छर्ऱ्यांचं बेअरिंग नसतं, तेल मुरवलेला बुश असतो. ते तेल उष्णतेनं आटतं, घट्ट होतं. थंड असताना खडखड आणि तापल्यावर शांत, हे त्याचंच लक्षण. म्हणजे पंखा सुधारला म्हणून शांत होत नव्हता, उरलंसुरलं तेल पातळ होत होतं. त्यात हे कार्ड सेकंडहँड. सप्टेंबर 2022 मध्ये इथेरियमचं मायनिंग बंद झालं आणि दिवसरात्र राबलेली कार्डं बाजारात आली. माझं त्यातलंच होतं की नाही, विकणाऱ्यानं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. हिशोब करा: मिनिटाला 2000 फेरे, वर्षभर न थांबता, म्हणजे सुमारे 105 कोटी फेरे. वरून आमच्याकडची धूळ, आणि कापसाच्या दिवसांत हवेतली रुई. हीटसिंकच्या पट्ट्यांत अक्षरशः गादी तयार झाली होती.

ब्लोअरनं ती उडवताना पातं बोटानं धरून ठेवा, नाहीतर पंखा भलत्याच वेगानं फिरून बेअरिंग जातं. तेल घालायचं तर शिलाई मशीनचं, स्टिकरखाली एक-दोन थेंब. खोबरेल तेल अजिबात नको, ते 24-25 अंशांखाली गोठतं. तेलानं चार-सहा आठवडे निघाले, प्रबंधाचा एखादा रन पार पडला, एवढंच. पंखा बदलणं खरं. दुकानात जाताना पात्याचा व्यास, स्क्रूच्या भोकांमधलं अंतर आणि पिना मोजून न्या, लेबलचा फोटो काढून न्या. मी नुसतं 'याच्यासारखा' म्हणून गेले आणि एसटीचं जाणंयेणं वाया गेलं. दुसऱ्या खेपेला जोडी मिळाली. पेस्टही बदलली.

मग पुन्हा मोजलं. या वेळी 'अ' आणि 'ब' आलटून पालटून, प्रत्येक मॉडेल दिवसाही आणि रात्रीही, दर वेळी भिंतीवरच्या तापमापकाचा आकडा वहीत. दोघांतला फरक इतका कमी झाला की त्यावर काही दावा करायला मला धीर झाला नाही. ते शहाणं वाक्य काढून टाकलं. समितीला आधी दिलेला तक्ता चुकला होता हे एका परिच्छेदात लिहिलं. तो परिच्छेद लिहायला तीन दिवस लागले, पंखा बदलायला चाळीस मिनिटं.

पुढच्या बैठकीत एका सरांनी नव्या तक्त्यावर बोट ठेवलं. "खोलीच्या तापमानाचा हा रकाना कशाला?"

मी म्हटलं, "सर, हदगाव. मे महिना. दुपारचे दोन."

त्यांनी मान हलवली आणि पान उलटलं.