वाफेच्या इंजिनांच्या लघुप्रतिकृतींचा जीर्णोद्धार

वाफेच्या इंजिनांच्या लघुप्रतिकृतींचा जीर्णोद्धार म्हणजे झिजलेल्या, गंजलेल्या किंवा रंग उडालेल्या छोट्या रेल्वे इंजिनाची दुरुस्ती करून, आवश्यक तेथे त्याला पुन्हा रंग देऊन ते जतन करण्याजोगे अथवा चालते करण्याची प्रक्रिया होय. अशा प्रतिकृती दोन प्रकारच्या असतात. पहिल्या प्रकारात इंजिन केवळ दिसायला वाफेचे असते; ते आतील विद्युत मोटारीवर किंवा चावीच्या स्प्रिंगवर चालते. दुसऱ्या प्रकारात खरोखरच पाणी उकळून वाफेच्या दाबावर चाके फिरतात. जीर्णोद्धाराची साधने, जोखीम आणि मर्यादा या दोन्ही प्रकारांत बऱ्याच वेगळ्या आहेत.

पुण्यातील संदर्भ

मुंबई–ठाणे लोहमार्ग १६ एप्रिल १८५३ रोजी सुरू झाला आणि खंडाळा–पुणे मार्ग १४ जून १८५८ रोजी खुला झाला. शहराला रेल्वेचा इतका जुना सहवास असला, तरी लघुरेल्वेचा छंद येथे दीर्घकाळ मोजक्या घरांपुरताच राहिला. तो सर्वसामान्यांपर्यंत पोहोचवण्याचे मोठे श्रेय भाऊसाहेब जोशी यांना जाते. त्यांनी कोथरूड भागात उभारलेले लघुरेल्वे संग्रहालय १ एप्रिल १९९८ रोजी प्रेक्षकांसाठी खुले झाले. तेथील गाड्या काचेच्या कपाटात उभ्या न राहता सिग्नल, पूल आणि वस्तीसह मांडलेल्या देखाव्यातून धावतात.

शहराच्या जुन्या भागातील कसबा पेठेचा या विषयाशी संबंध आडवळणाचा, पण महत्त्वाचा आहे. पेठेतील तांबट आळी तांब्याच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध आहे. ठोक्यांनी तांब्याला आकार, चकाकी आणि कणखरपणा देण्याच्या तेथील पद्धतीला मठारकाम म्हणतात. वाफेवर चालणाऱ्या प्रतिकृतीचे बाष्पित्र, म्हणजेच बॉयलर, बहुधा तांब्याचेच असते. पाणी तापवण्याच्या पारंपरिक बंबाची रचनाही उभ्या बॉयलरशी मिळतीजुळती असते: मध्ये विस्तवाची नळी आणि तिच्याभोवती पाणी. फरक एवढाच, की बंबात दाब साठत नाही; बॉयलरमध्ये तो साठतो आणि त्यामुळे सगळे नियम बदलतात. पेठेलगत रविवारी व बुधवारी भरणारा जुना बाजार हे जुनी यंत्रे आणि सुटे भाग मिळण्याचे परिचित ठिकाण आहे.

मापप्रमाण

एचओ या प्रचलित प्रमाणात प्रतिकृती मूळ इंजिनाच्या १/८७ असते आणि रुळांमधील अंतर १६.५ मिलिमीटर असते. ब्रिटिश ओओ प्रमाण १/७६ असूनही रूळ तेच वापरले जातात. एन प्रमाणात हे अंतर ९, ओ प्रमाणात ३२ आणि गेज-एकमध्ये ४५ मिलिमीटर असते. भारतीय रेल्वेच्या प्रतिकृतींपुढे येथे एक जुनी अडचण उभी राहते. भारतीय ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा आहे. १/८७ प्रमाणात तो सुमारे १९.३ मिलिमीटर भरतो. १६.५ मिलिमीटरचा रूळ प्रत्यक्षात युरोपातील १४३५ मिलिमीटरच्या गेजशी जुळतो. त्यामुळे बाजारातील रुळांवर धावणारे भारतीय इंजिन पायांशी थोडे अरुंदच राहते. जीर्णोद्धार करताना जुन्या कारागिराने या अडचणीवर काय तोड काढली होती, हे पाहून तीच राखणे इष्ट मानले जाते; धुरा बदलून 'अचूकता' आणण्याचा मोह मूळ काम नष्ट करतो.

पाहणी

स्क्रू काढण्यापूर्वी सर्व बाजूंनी छायाचित्रे घेणे आणि प्रत्येक भागाची नोंद करणे ही पहिली पायरी आहे. जुन्या इंजिनांत सारख्या दिसणाऱ्या स्क्रूंची लांबी वेगळी असू शकते. लांब स्क्रू चुकीच्या जागी बसल्यास तो मोटारीला किंवा तारेला टेकतो.

सर्वांत गंभीर दोष बहुधा ओतीव भागांत आढळतो. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील अनेक खेळण्यांची आणि प्रतिकृतींची चाके व चौकटी जस्ताच्या मिश्रधातूच्या आहेत. त्यात शिशासारखी अशुद्धी राहिली असेल, तर धातूच्या कणांच्या सीमांवर गंज पसरतो. भाग फुगतो, वाकतो, त्यावर भेगांचे जाळे उमटते आणि अखेर त्याचा भुगा होतो. हा दोष 'झिंक पेस्ट' या नावाने ओळखला जातो. दमट व उष्ण हवेत तो वेगाने वाढतो. तो उलटवता येत नाही. रंगाने फक्त झाकला जातो. म्हणूनच ताज्या रंगाचे जुने इंजिन विकत घेताना जाणकार आधी चौकट सरळ आहे का, हे पट्टी लावून पाहतात.

विद्युत मोटारीच्या इंजिनांत कार्बन ब्रश झिजणे, कम्युटेटरवर काजळी साचणे, चुंबक क्षीण होणे आणि तारांवरील रबरी आवरण ठिसूळ होणे हे दोष नेहमीचे आहेत. इंजिनाला मिळणारा विद्युतदाब कमी असला, तरी त्यासोबतचा जुना ट्रान्सफॉर्मर घरातील मुख्य वीजप्रवाहाला जोडला जातो. त्याच्या आवरणाची तपासणी झाल्याशिवाय तो वापरणे धोक्याचे असते.

बॉयलरची दुरुस्ती

जुन्या छोट्या बॉयलरचे काही सांधे कथील-शिशाच्या डाखाने जोडलेले असत. हा डाख सुमारे १८३ अंश सेल्सिअसला वितळू लागतो. बॉयलरमध्ये वातावरणापेक्षा ५.५ बार अधिक दाब असताना वाफेचे तापमान सुमारे १६२ अंश असते. म्हणजे सुरक्षिततेचे अंतर अवघे वीसेक अंशांचे. पाण्याची पातळी घसरून विस्तवालगतचा पत्रा उघडा पडला, तर तेही उरत नाही. यामुळे नव्या कामात चांदीयुक्त डाख वापरतात. तो साधारणपणे ६०० ते ७०० अंशांच्या दरम्यान वितळतो. या डाखाच्या जुन्या कांड्यांत कॅडमियम असू शकते. त्याचा धूर विषारी असल्याने अशा कांड्या वापरू नयेत. भांड्यांना देतात ती कल्हई कथलाची असते. ती पृष्ठभागाचे रक्षण करते, सांध्याला बळ देत नाही.

ठोकून ठोकून तांबे कठीण व ठिसूळ होते आणि लाल होईपर्यंत तापवल्यावर पुन्हा मऊ होते. तांबटांच्या रोजच्या व्यवहारातील हे ज्ञान बॉयलरचा दबलेला पत्रा सरळ करतानाही लागू पडते. न तापवता सारखे ठोकल्यास पत्रा चिरतो. तरीही उत्तम भांडे घडवणारा प्रत्येक हात दाबपात्र जोडण्यास आपोआप पात्र ठरत नाही, ही मर्यादा येथे लक्षात घ्यावी लागते.

दुरुस्तीनंतर बॉयलर थंड पाण्याने पूर्ण भरून, आतील हवा काढून, हातपंपाने दाब देतात. नव्या बॉयलरसाठी कामकाजाच्या दाबाच्या दुप्पट, तर नंतरच्या चाचण्यांसाठी दीडपट दाब देण्याची प्रथा आहे. पाणी जवळजवळ दाबले जात नसल्याने सांधा सुटला तरी ते गळते, स्फोट होत नाही. हवा भरून केलेली चाचणी मात्र प्राणघातक ठरू शकते. जुन्या बॉयलरवरील उष्णतारोधक वेष्टन अ‍ॅस्बेस्टॉसचे असण्याची शक्यता असते. ते कोरडे खरवडू नये.

जुना रंग

जुन्या रंगात शिसे असू शकते. भारतात घरगुती व सजावटीच्या रंगांतील शिशावर दशलक्षात ९० भागांची मर्यादा २०१६ च्या नियमांनी आली. त्यापूर्वीच्या रंगांबाबत तशी खात्री देता येत नाही. म्हणून कोरडा पॉलिश पेपर घासण्याऐवजी ओला पेपर किंवा रंग काढणारे द्रावण वापरतात आणि काम हवेशीर जागी, मुलांपासून दूर करतात. प्लॅस्टिकच्या इंजिनावर तेच द्रावण लावल्यास अंगच विरघळू शकते. न दिसणाऱ्या कोपऱ्यात आधी थेंबभर लावून पाहणे आवश्यक असते.

रंग पूर्ण काढण्यापूर्वी एखाद्या झाकलेल्या जागी थर टप्प्याटप्प्याने घासून छोटी 'खिडकी' उघडतात. त्यातून वरच्या हौशी रंगाखाली मूळ छटा सापडते. जुन्या कृष्णधवल छायाचित्रांवर यासाठी विसंबता येत नाही. लाल प्रकाश न टिपणाऱ्या ऑर्थोक्रोमॅटिक काचांवर लाल रंग जवळजवळ काळा आणि निळा फिकट दिसतो. छायाचित्रावरून 'काळे' ठरवलेले इंजिन प्रत्यक्षात तांबडे असू शकते.

पुनर्रंगकाम

धातू साबण आणि रॉकेलाने तेलमुक्त करून कोरडा केला जातो. त्यानंतर त्याला बोटही लागू न देणे श्रेयस्कर. पितळेवर साधा रंग टिकत नाही. त्यासाठी पृष्ठभाग किंचित कोरणारा एच प्रायमर लागतो. रंग शक्य तितका पातळ देणे हे या कलेचे मर्म आहे. १/८७ प्रमाणात ०.१ मिलिमीटर जाडीचा थर खऱ्या इंजिनावर ८.७ मिलिमीटर जाडीच्या लेपाइतका ठरतो आणि रिव्हेटांच्या ओळी त्यात बुडून जातात. म्हणून ब्रशऐवजी एअरब्रशने, सुमारे १ ते १.५ बार दाबावर, अनेक विरळ थर देतात.

पुण्याच्या पावसाळ्यात हे काम लांबणीवर टाकलेले बरे. जलद सुकणाऱ्या लॅकरमधील द्रावक उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतील बाष्प त्यावर जमते आणि चकाकी दुधाळ होते.

बारीक रेषा ओढण्यासाठी भूमितीच्या पेटीतील जुनी रेखणी आजही उपयोगी पडते. अक्षरे व क्रमांक पाण्यात सुटणाऱ्या चिकटचित्रांनी उमटवतात आणि वर वार्निशचा थर देतात. १९४७ पासून भारतात आलेल्या डब्ल्यूपी इंजिनाच्या गोलाकार नाकावरील तारा ही रंगकाऱ्याची खरी परीक्षा मानावी लागेल. वक्र पृष्ठभागावर ताऱ्याचे टोक केसभर सरकले तरी इंजिन वाकडे दिसते.

मतभेद

पुन्हा रंग द्यावा का, याविषयी संग्राहकांत एकमत नाही. एका गटाच्या मते खेळणे खेळण्यासाठी असते आणि ते नव्यासारखे दिसावे. दुसऱ्या गटाला कारखान्यातील मूळ रंग, तो खरचटलेला असला तरी, अधिक मोलाचा वाटतो. पूर्ण रंगवलेल्या इंजिनाची बाजारातील किंमतही पुष्कळदा घटते. वास्तूंच्या जतनासाठी १९६४ मध्ये स्वीकारलेल्या व्हेनिस सनदेने तर्काची सुरुवात होते तेथे जीर्णोद्धार थांबवावा, असे तत्त्व मांडले. लघुप्रतिकृतींना ते तंतोतंत लागू करणे अवघड असले, तरी हात लावलेला भाग पुढे ओळखू यावा आणि तो पूर्ववत करता यावा, एवढी किमान अट बहुतेकांना मान्य असते. त्यासाठी बदललेल्या भागाच्या आतील बाजूस वर्ष कोरतात, काढलेले मूळ भाग चिठ्ठीसह पिशवीत ठेवतात आणि वापरलेल्या रंगाची नोंद इंजिनाच्या खोक्यातच ठेवतात.