गोड चेरी : बुरशीरोगांना प्रतिकारक वाणांची पैदास

गोड चेरीच्या (प्रूनस एव्हियम, कुल रोझेसी) झाडांत भुरी, पानांवरील ठिपके व तपकिरी कूज या बुरशीजन्य रोगांना दाद न देणारे वाण संकर व निवड करून तयार करण्याचे काम. चेरीचे मूळस्थान काळा समुद्र व कास्पियन समुद्र यांच्या दरम्यानचा प्रदेश मानतात. कळ्या नीट फुटण्यासाठी या झाडाला हिवाळ्यात दीर्घकाळ थंडी लागते. त्यामुळे भारतात त्याची लागवड काश्मीर, हिमाचल प्रदेश यांसारख्या डोंगरी भागांपुरती राहिली आहे. (महाराष्ट्रात केकवर लावतात ती लालभडक ‘चेरी’ बहुधा पाकात मुरवलेले करवंद असते, ते येथे अभिप्रेत नाही.)

चेरीच्या बागा कलमांच्या असतात. एका वाणाची सर्व झाडे आनुवंशिकदृष्ट्या एकच असल्याने एका झाडावर जी बुरशी रुजते तिला शेजारचे झाड परके नसते. अमेरिकेतील ‘बिंग’ हा वाण ऑरेगन राज्यातील मिलवॉकी येथे १८७०च्या दशकात सेथ लेवेलिंग यांच्या रोपवाटिकेत निवडला गेला. आ बिंग या चिनी मुकादमाचे नाव त्याला मिळाले. दीडशे वर्षे होत आली तरी तो बाजारात टिकून आहे आणि भुरीला तो आजही बळी पडतो. रोगट वाण टाकून देणे सोपे नसते, कारण गिऱ्हाईक फळाचा रंग, आकार व कडकपणा पाहते, पान पाहत नाही.

प्रतिकारक खुंटावर कलम बांधून हा प्रश्न सुटत नाही. ‘गिझेला ५’ हा प्रसिद्ध ठेंगणा खुंट आंबट चेरी (प्रूनस सेरासस) व प्रूनस कॅनेसेन्स या रानटी जातीच्या संकरातून झाला. या रानटी जातीत पानांवरील ठिपक्यांचा प्रतिकार आहे. पण खुंटातील जनुके वरच्या पानांत जात नाहीत. म्हणून ज्या झाडाला फळे धरायची त्याच्यातच तो गुण आणावा लागतो.

संकराचे काम नाजूक व वेळखाऊ आहे. कळी उमलण्यापूर्वी पुष्पकोशाची नळी चिमट्याने किंवा नखाने खुडली की पाकळ्या व पुंकेसर एकदम निघून येतात आणि मागे उघडा स्त्रीकेसर उरतो. त्यावर निवडलेल्या वाणाचे पराग लावतात. एका फळात एकच बी धरते. हजार रोपे तपासायची तर किमान हजार फळे हवीत. शिवाय गोड चेरीत सहसा स्वनिषेचन होत नाही. ‘एस’ या जनुकाची दोन्ही रूपे समान असलेले वाण एकमेकांनाही फळू देत नाहीत, म्हणून जोड्या जपून लावाव्या लागतात. ही अडचण इंग्लंडमधील जॉन इनेस संस्थेत क्ष-किरण दिलेल्या परागांच्या साहाय्याने काही अंशी दूर झाली. तेथील रोपांचा वारसा घेऊन कॅनडातील समरलँड केंद्राने १९६८ मध्ये ‘स्टेला’ हा स्वफलनक्षम वाण दिला. लवकर पिकणाऱ्या वाणांच्या बियांतील गर्भ बहुधा अपुरा राहतो. तो काढून पोषक माध्यमात वाढवावा लागतो. चांगल्या बियांनाही रुजण्यापूर्वी काही महिने थंड ओलावा द्यावा लागतो. रोप फळावर येण्यास साधारण चार-पाच वर्षे लागतात. पानांच्या रोगाची तपासणी मात्र रोपावस्थेतच होते, आणि पैदासकाराला सवड मिळते ती तेवढीच.

भुरी हा रोग पोडोस्फीरा वंशातील बुरशीमुळे होतो (पूर्वी पोडोस्फीरा क्लँडेस्टिना, चेरीवरील बुरशीला अलीकडे पो. सेरासी म्हणतात). ही बुरशी सालीच्या भेगांत हिवाळा काढते. वसंतात पावसाचे वा सिंचनाचे पाणी लागले की तिची बीजुके सुटतात. मग पाने व फळे पांढुरकी होतात. उन्हाळा कोरडा असलेल्या वॉशिंग्टन राज्यातही हा रोग ठाण मांडून असतो तो सिंचनाच्या पाण्यामुळेच. त्या राज्यातील प्रॉसर येथील संशोधन केंद्रात ‘पीएमआर-१’ या निवडीची पाने भुरीपासून मुक्त राहतात असे आढळले. बिंग, रेनिअर, व्हॅन अशा रोगप्रवण वाणांशी तिचा संकर केल्यावर निम्मी रोपे निरोगी व निम्मी रोगट निघाली. यावरून प्रतिकार एकाच प्रभावी जनुकाचा असल्याचा निष्कर्ष २००१ च्या सुमारास निघाला. हेडेलफिंगेन व मोरो या जुन्या युरोपीय वाणांतही प्रतिकार आढळला आहे.

तपासणीची एक रीत पाहण्याजोगी आहे. कोवळ्या पानातून लहान चकती कापतात आणि ओलाव्यावर बशीत ठेवून तिच्यावर बुरशीची बीजुके टाकतात. काही दिवसांनी सूक्ष्मदर्शकाखाली रोगप्रवण चकतीवर पांढऱ्या तंतूंची जाळी पसरलेली दिसते. प्रतिकारक चकती जवळजवळ कोरी राहते. पान कोवळेच लागते, कारण जून पानाला सहसा भुरी धरत नाही आणि परीक्षा फसते. एकच जनुक हाताळायला सोयीचे असते, पण बुरशीलाही एकच कुलूप उघडावे लागते. म्हणून निरनिराळ्या स्रोतांतील जनुके एका झाडात एकत्र आणणे शहाणपणाचे ठरते.

पानांवरील ठिपक्यांचा रोग ब्लुमेरिएल्ला जापी ही बुरशी करते. गळून पडलेल्या पानांत ती हिवाळा काढते व रंध्रांतून नव्या पानात शिरते. वरच्या बाजूस जांभळट ठिपके पडतात. ओल्या हवेत पान उलटून पाहिले तर त्याखाली पांढरट-गुलाबी बीजुकांचे पुंजके दिसतात. पाने पिवळी होऊन भर उन्हाळ्यात गळतात आणि थंडीला तोंड देण्याची झाडाची ताकद खचते. याबाबतीत लागवडीखालील वाणांचा फारसा आधार नाही. प्रतिकार प्रूनस कॅनेसेन्स व प्रूनस माकी या रानटी जातींत मिळतो. कॅनेसेन्सची गुणसूत्रे गोड चेरीइतकीच, म्हणजे १६, माकीची ३२. संकर साधला तरी फळे लहान व बेचव निघतात आणि चांगल्या वाणाशी पिढ्यानपिढ्या पुनःसंकर करावा लागतो. आंबट चेरीवर मिशिगन स्टेट विद्यापीठात झालेल्या कामात कॅनेसेन्सकडून आलेला प्रतिकाराचा भाग चौथ्या सहलग्नता गटावर (एकाच गुणसूत्रावरील जनुकांच्या गटावर) आढळला (२०१४). सर्व प्रतिकारक रोपांत तो होता. पण तो असलेले प्रत्येक रोप प्रतिकारक नव्हते. म्हणजे जोडीला आणखी एखादे जनुक लागते. डीएनए चाचणीने रोपाची निवड करता येते हा या कामाचा मोठा लाभ. मात्र चाचणीत पास झालेले रोपही शेवटी बुरशीपुढे उभे करून पाहावे लागते.

तपकिरी कूज ही मोनिलिनिया वंशातील बुरशींची (मो. लॅक्सा, मो. फ्रुक्टिकोला, मो. फ्रुक्टिजेना) करणी. फुले करपतात, पिकू लागलेले फळ तपकिरी होऊन त्यावर राखाडी पुटकुळ्या येतात आणि वाळकी फळे झाडावर लटकून पुढच्या हंगामाला रोग पुरवतात. हिच्याविरुद्ध पूर्ण प्रतिकारक गोड चेरी उपलब्ध नाही. वाणावाणांत फरक आढळतो तो कमीअधिक रोगप्रवणतेचा. त्यामुळे पैदासकार आडवाटेने जातात : घोसात फळे मोकळी असावीत, साल सहज तडकू नये, पिकण्याचा काळ पावसाच्या काळाशी जुळू नये. पावसाने तडकलेल्या फळात बुरशीला वाट शोधावी लागत नाही. जर्मनीतील योर्क येथे निघालेला उशिरा पिकणारा ‘रेजिना’ हा वाण सहजासहजी तडकत नाही, म्हणून ओलसर हवामानाच्या युरोपीय भागांत त्याला मान आहे. तरीही अशा भागांतील अनेक बागांवर फळे रंगू लागण्याच्या सुमारास प्लॅस्टिकची छते ताणतात.