जनगणना, संगणक आणि एक प्राध्यापक : माहितीसंरक्षण कायद्याची जन्मकथा

१/ ऑक्टोबर १९७०. पश्चिम जर्मनीतील हेसेन या राज्यात एक छोटेखानी कायदा अस्तित्वात आला. माहितीसंरक्षणाचा हा जगातील पहिला कायदा. त्या काळी घरोघरी संगणक नव्हते, मोबाइल तर दूरच. मग अशा कायद्याची निकड कुणाला आणि का भासली?

२/ या कायद्याशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले, ते स्पिरोस सिमितिस १९३४ साली अथेन्समध्ये जन्मले. ग्रीस नाझी जर्मनीच्या टाचेखाली असतानाचे ते बालपण. पुढे त्याच जर्मनीत, मारबुर्ग येथे त्यांनी कायद्याचे शिक्षण घेतले आणि फ्रँकफुर्ट विद्यापीठात ते प्राध्यापक झाले. त्यांचे धाकटे बंधू कोस्तास कालांतराने ग्रीसचे पंतप्रधान झाले.

३/ सिमितिस हे कामगार कायद्याचेही अभ्यासक. मालक आणि कामगार करारात समान दिसतात, व्यवहारात नसतात, हे या शाखेचे मूळ सूत्र. हेसेन सरकार तेव्हा प्रशासनाची माहिती मोठ्या संगणककेंद्रांत एकवटू लागले होते. विखुरलेल्या नोंदी एकत्र आल्या की शासन आणि नागरिक यांच्यातही तशीच विषमता वाढणार, हे उघड होते.

४/ जर्मनीत ही भीती काल्पनिक नव्हती. १९३९ च्या जनगणनेत एक पुरवणी पत्रिका होती आणि तीत आजी-आजोबांपैकी कोण ज्यू, याची विचारणा होती.

५/ हेसेनच्या कायद्याने सरकारी कार्यालयांवर बंधने घातली आणि देखरेखीसाठी स्वतंत्र आयुक्त नेमला. १९७५ ते १९९१ अशी सोळा वर्षे सिमितिस यांनी हे पद सांभाळले.

६/ खरी कसोटी १९८३ मध्ये लागली. त्या वर्षीच्या जनगणनेतील उत्तरे पालिकांच्या रहिवासी नोंदवह्या दुरुस्त करण्यासाठीही वापरण्याची कायद्यात मुभा होती. देशभर बहिष्काराची चळवळ उभी राहिली. एप्रिलमध्ये कार्ल्सरूह येथील घटनात्मक न्यायालयाने जनगणना थांबवली.

७/ १५ डिसेंबर १९८३ चा निकाल ऐतिहासिक ठरला. आपल्याविषयीच्या माहितीचे काय व्हावे, हे ठरवण्याचा अधिकार मूलतः व्यक्तीचा, असे न्यायालयाने म्हटले. आपली नोंद होते आहे अशी धास्ती असलेला नागरिक सभेला जाण्यापूर्वीही विचार करील, म्हणून हा प्रश्न लोकशाहीचाही आहे, असेही बजावले. सुधारित कायद्यानुसार जनगणना झाली ती १९८७ मध्ये.

८/ त्याच वर्षी एका अमेरिकी विधी नियतकालिकातील दीर्घ लेखात सिमितिस यांनी हाच धागा पुढे नेला. खासगीपणा म्हणजे जगापासून दूर राहण्याची चैन नव्हे, तर सार्वजनिक जीवनात निर्भयपणे सहभागी होण्याची पूर्वअट, अशी त्यांची मांडणी होती. केवळ संमतीवर विसंबण्याविषयी ते साशंक होते. नोकरी हवी असणारा उमेदवार अर्जावरील सही नाकारणार कशी?

९/ आता भारताकडे येऊ. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा एकमुखी निर्णय दिला. मुंबई दंगलींच्या चौकशी आयोगामुळे महाराष्ट्राला परिचित असलेले न्या. बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीने २०१८ मध्ये कायद्याचा मसुदा सादर केला.

१०/ मार्च २०२३ मध्ये सिमितिस निवर्तले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये भारताचा वैयक्तिक माहितीसंरक्षण कायदा संमत झाला. त्यात संमतीला मोठे स्थान आहे, मात्र मंडळाचे सदस्य केंद्र सरकार नेमते आणि आपल्याच यंत्रणांना सूट देण्याचा अधिकारही त्याच्याकडे आहे. हेसेनमध्ये १९७० साली पहिली चिंता सरकारी संगणकाची होती आणि त्यावर नजर ठेवणारा आयुक्त स्वतंत्र असावा, असा आग्रह होता. आपला कायदा वाचताना ही गोष्ट आठवणीत असू द्यावी.